घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीची हिरवळ: सिअ‍ॅटलचा सल्ला आणि ठाण्याचा पाऊस

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोसायटीत चार इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध सुमारे ७,२०० चौरस फुटांची हिरवळ आहे. ही हिरवळ पार्किंगच्या स्लॅबवर नसून थेट जमिनीवर आहे. पुढे ही बाब फार उपयोगी ठरली, कारण स्लॅबवरच्या बागेत खोल चर खणण्याची सोय नसते. ताबा मिळाल्यानंतरचा पहिला पावसाळा या हिरवळीने कसाबसा काढला, दुसऱ्यात तिला टक्कल पडू लागले आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिचा जवळजवळ अर्धा भाग काळसर, निसरड्या शेवाळाने आणि लव्हाळ्याने व्यापला. सकाळी फिरायला येणाऱ्या दोन ज्येष्ठ रहिवासी बाई तेथे घसरून पडल्या, तेव्हा हा विषय केवळ शोभेचा राहिला नाही. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, म्हणून त्या ऑगस्टच्या अखेरीस व्यवस्थापन समितीने पाहणीचे काम माझ्याकडे दिले. पुढील दीड वर्षात काय आढळले, काय केले आणि कशाचा उपयोग झाला, त्याची ही नोंद आहे.

पाहणीला बसण्यापूर्वी समितीने आधी काय काय केले होते ते समजून घेणे आवश्यक होते. आमच्या सचिवांची मुलगी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिअ‍ॅटलजवळ राहते. तिच्या घरामागची हिरवळ उत्तम आहे आणि तिने वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर बियाणे, चुना आणि खत यांबद्दल जे सांगितले ते तिच्या गावापुरते अक्षरशः खरे आहे, हे मी आरंभीच नमूद करतो. तेथेही पाऊस, येथेही पाऊस, म्हणून तोच उपाय येथे चालेल, असे समितीला वाटले. चूक या गृहीतात होती.

सिअ‍ॅटलला वर्षभरात साधारण ९५० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांत, रिमझिम करीत, पसरून पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे त्या गावाच्या वर्षभराचा पाऊस आपल्या शेजारी एका दिवसात कोसळून गेलेला आहे. ठाण्याचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो आणि त्या काळात रात्रीचे तापमानही बहुधा २४-२५ अंशांखाली उतरत नाही. तेथील पाऊस थंडीबरोबर येतो, आपला उष्म्याबरोबर. गवताच्या दृष्टीने हा फरक पावसाच्या आकड्यापेक्षाही मोठा आहे.

पहिला उपाय बियाण्याचा झाला. थंड आणि ओल्या हवेत राय, फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास ही गवते लावतात. त्यांची वाढ १५ ते २४ अंश तापमानात सर्वांत चांगली होते. उष्णता वाढली की त्यांच्या पानातील कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर (एन्झाइम) वारंवार ऑक्सिजन पकडू लागते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग त्या चुकीच्या भरपाईत खर्च होतो. आपल्या हरळीत, म्हणजे दूर्वेत, कार्बन डायऑक्साइड त्या विकरापाशी दाट करून पोचवण्याची वेगळी व्यवस्था असते, म्हणून ती २७ ते ३५ अंशांतही जोमाने वाढते. समितीने तिसऱ्या पावसाळ्याआधीच्या डिसेंबरमध्ये रायचे बियाणे मागवून विरळ झालेल्या हरळीवर पेरले. आठवड्यात ते उगवले, जानेवारीत हिरवळ इतकी गर्द दिसू लागली की लोकांनी तिची छायाचित्रे काढली आणि समितीचे अभिनंदनही झाले. मार्चमध्ये तिचा रंग उतरला आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळे राय वाळून त्याचा पेंढा झाला. बियाण्याचा पैसा गेला, तो विषय निराळा. खरे नुकसान हरळीचे झाले, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने नवे फुटवे फोडायचे त्याच वेळी ती रायच्या दाट सावलीत दडपली गेली.

दुसरा उपाय चुन्याचा होता आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण हा गैरसमज आपल्याकडे अनेक बागांत दिसतो. थंड पावसाळी प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसाने मातीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन गेलेले असते, माती आम्ल झालेली असते, आणि म्हणून तेथे हिरवळीवर चुनखडीची भुकटी टाकण्याची रीत आहे. चुन्याने शेवाळ मरते, अशी समजूतही त्यातूनच रूढ झाली आहे. वास्तविक शेवाळ येते ते सावली, ओल आणि दबलेली माती या तिन्हींमुळे. आम्लता कमी केल्याने गवताला बळ मिळाले तर ते शेवाळाला हटवते, एवढाच चुन्याचा संबंध. कोकणातील जांभ्याची मातीही बहुधा आम्लच असते, त्यामुळे चुना टाकायला हरकत नाही, असे वरवर पाहणाऱ्याला वाटू शकते. आमच्या हिरवळीखाली मात्र कोकणची माती नव्हतीच. वर सहा इंच तांबडी माती आणि तिच्याखाली बांधकामाचा राडारोडा होता: मुरूम, विटांचे तुकडे, प्लॅस्टरची ढेकळे, वाळलेल्या सिमेंटचे पापुद्रे. सिमेंटमध्ये चुन्याचाच अंश असल्याने ही माती मुळातच अल्कधर्मी होती. त्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला विरीचा चुना पोत्यांनी पसरण्यात आला.

जूनमध्ये पाऊस सुरू होताच गवत पिवळे पडले. त्या वेळी सर्वांत अचूक निरीक्षण आमच्या माळीकाकांनी केले होते, पण ते कोणी टिपून ठेवले नव्हते. पिवळेपणा जुन्या पानांवर नसून नव्या कोवळ्या पानांवर आहे आणि पानाच्या शिरा हिरव्याच आहेत, असे त्यांनी समितीला सांगितले होते. नत्राची कमतरता असेल तर झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्याला देते, म्हणून आधी जुनी पाने पिवळी पडतात. लोह झाडात असे सहज हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते. अल्कधर्मी मातीत लोह असले तरी ते मुळांना घेता येत नाही. माळीकाकांनी पाहिलेले लक्षण सरळ लोहाकडे बोट दाखवत होते आणि त्या दिवशी मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) तपासला असता तर पुढचा अनर्थ टळला असता. मी नंतर माती प्रयोगशाळेत तपासून घेतली, तेव्हा सामू ८.१ निघाला.

तो अनर्थ युरियाचा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिरवळीवर पुरीएवढे तपकिरी, तेलकट दिसणारे चट्टे उमटले. त्यांची छायाचित्रे सिअ‍ॅटलला गेली आणि तेथून उत्तर आले की हा लाल धाग्याचा बुरशीरोग असावा, गवत उपाशी आहे, नत्र द्या. थंड, ओल्या हवेत हा रोग खरोखर उपाशी गवतावर येतो, पानांच्या टोकांना गुलाबी-तांबडे धागे दिसतात आणि थोडे नत्र दिले की गवत त्यातून वाढून बाहेर पडते. आमच्या चट्ट्यांवर तांबडा धागा कोठेच नव्हता. पहाटे पाहिले तर त्यांच्या कडेला पांढरट, कापसासारखे जाळे दिसे आणि ऊन वर आले की ते नाहीसे होई. लक्षणांवरून मी ते पायथियम बुरशीचे काम मानतो. ही बुरशी उबदार रात्री आणि तासन्‌तास ओली राहिलेली पाने यांवर पोसते आणि नत्राने आलेली लुसलुशीत, पाणीदार वाढ तिला फार आवडते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात युरिया पडला आणि पाच-सहा दिवसांत सुटे चट्टे एकमेकांना मिळून लांब पट्टे झाले. हे पट्टे पावसाचे पाणी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने पसरले होते. ही बुरशी पाण्याबरोबर आणि कापणीच्या यंत्राच्या पात्याबरोबर पुढे सरकते, त्यामुळे पट्ट्यांची दिशा हीच निदानाची सर्वांत मोठी खूण होती. वरवर सारखे दिसणारे दोन चट्टे होते. एकाचे औषध नत्र आणि दुसऱ्याचे विषही नत्रच, हे मला या प्रकरणातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

पाहणीची सुरुवात मी गवतापासून न करता फावड्यापासून केली. हिरवळीच्या पाच ठिकाणी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेतले, त्यांत पाणी भरून एकदा मुरू दिले आणि पुन्हा भरून पातळी मोजली. दक्षिणेकडील दोन खड्ड्यांत तासाला दीड-दोन इंच पाणी उतरले. उत्तरेकडील तीन खड्ड्यांत तासाभरात अर्धा इंचही उतरले नाही, आणि तेथील तळाची माती निळसर करडी होऊन तिला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. असा वास हवा न मिळालेल्या मातीचा असतो. गवताची मुळे सरासरी इंचभर खोल होती. मुळांना श्वास घ्यायलाच जागा नसेल तर वरून कितीही खत टाकले तरी ते पावसाबरोबर गटारात जाते. वाचकांपैकी ज्यांच्या सोसायटीत हिरवळ खराब होत असेल त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की बाजारात जाण्यापूर्वी असा एक खड्डा खणून पाहावा. त्याला एका सकाळीपलीकडे काही खर्च नाही.

उत्तरेकडच्या तिन्ही खड्ड्यांचे आणखी एक साम्य होते. ते सर्व बावीस मजली इमारतीच्या उत्तर बाजूस होते. ठाणे सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो, म्हणून त्या काळात उत्तर बाजूलाही मध्यान्हीचे ऊन मिळू शकते, पण त्यातले बहुतेक दिवस ढगांनी झाकलेले असतात. डिसेंबरमध्ये, जेव्हा आकाश निरभ्र असते, तेव्हा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच येतो आणि ६६ मीटर उंचीची इमारत सुमारे ६० मीटर लांब सावली टाकते. म्हणजे हिरवळीच्या उत्तर भागाला ऊन पोचू शकते तेव्हा ढग असतात आणि ढग नसतात तेव्हा सावली असते. संध्याकाळचे ऊनही येऊरच्या रांगेमागे लवकर जाते. हरळी आणि तिच्यासारख्या बारीक पानांच्या गवतांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. हे ऊन त्या भागाला वर्षातून फारच थोडे दिवस मिळते, हे मी आठवड्यातून एकदा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीची कडा खडूने आखून पाहिले.

यावरून माझा निष्कर्ष ठरला. निचरा, ऊन आणि मातीचा सामू या तीन गोष्टी बिघडलेल्या होत्या आणि बियाणे, चुना, युरिया हे तिन्ही उपाय या तिहींपैकी एकीलाही सुधारत नव्हते.

डिसेंबरमध्ये सचिवांची मुलगी सुट्टीसाठी आली आणि स्वतःहून मला भेटायला आली. मी तिला खड्डे दाखवले. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे सीडरच्या झाडाखाली दरवर्षी शेवाळ येतंच. शेवटी आम्ही तिथं गवत लावायचं सोडलं आणि नेचे लावले. बाबांना मी हे सांगायला हवं होतं." तिच्या या एका वाक्याचा मला जितका उपयोग झाला तितका कोणत्याही आराखड्याचा झाला नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवळ दाखवली होती, आणि ती तशीच हवी असा अनेक रहिवाशांचा आग्रह होता. सर्वसाधारण सभेत ती स्वतः उभी राहून बोलली, तेव्हा सावलीतले गवत काढण्याचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

प्रत्यक्ष काम जानेवारी ते मे असे, जमीन कोरडी असताना केले. उत्तर भागात दर १२ फुटांवर १८ इंच खोल आणि नऊ इंच रुंद चर खणले, त्यांत जिओटेक्स्टाइल कापड अंथरून चार इंची सच्छिद्र पाइप टाकला, त्याभोवती २० मिलिमीटरची खडी भरली आणि शंभर फुटांना एक फूट असा उतार देऊन ते पावसाळी गटाराच्या चेंबरला जोडले. चर खणण्याआधी चेंबरमधल्या पाइपाची पातळी मोजणे अत्यावश्यक आहे. ती आपल्या चराच्या तळापेक्षा वर असेल तर सगळे काम उलटे होते आणि गटाराचे पाणी बागेत येते. मुसळधार पावसात रस्त्याकडेचे गटार तुडुंब भरले की जमिनीखालचा निचरा तास-दोन तास थांबणारच, म्हणून हिरवळीच्या पृष्ठभागालाही मध्यापासून कडांकडे हलका उतार दिला.

सर्वांत खराब भागातली वरची माती आणि खालचा राडारोडा मिळून आठ इंचांचा थर काढून टाकला आणि तेथे धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), तांबडी माती व चाळलेले कंपोस्ट यांचे मिश्रण भरले. त्यात निम्म्याहून बरीच जास्त वाळू होती. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळली की निचरा सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. मोठ्या कणांमधल्या फटी बारीक चिकण मातीने भरून जातात आणि परिणामी विटेसारखा घट्ट थर तयार होतो. न धुतलेल्या क्रश सँडमधली भुकटीही तेच करते. कंत्राटदाराने आणलेला पहिला ट्रक आम्ही याच कारणासाठी परत पाठवला आणि त्यावरून झालेला वाद मला आजही योग्यच वाटतो.

गवताची वाटणी उन्हाप्रमाणे केली. दक्षिणेकडे हरळीच ठेवली. ज्या पट्ट्याला तीन-चार तास ऊन मिळते तेथे नर्सरीत बफेलो ग्रास म्हणून मिळणारे रुंद पानांचे गवत लावले, कारण ते सावली बऱ्यापैकी सोसते. इमारतीलगतच्या बारा फुटांत गवत न लावता खडबडीत फरशीची पायवाट आणि दोन्ही बाजूंना नेचे व सावलीत वाढणारी रोपे लावली. पडण्याचे प्रकार याच पट्ट्यात झाले होते.

चुन्याने झालेले नुकसान लगेच भरून निघत नाही. अल्कधर्मी मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकले तरी त्यातले लोह लवकरच मुळांना न मिळणाऱ्या रूपात जाते, म्हणून आम्ही लिटरमागे पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारले. आठवड्याभरात नवी पाने हिरवी निघाली. फवारताना फरशी झाकून घ्यावी, कारण हिराकसाचे गंजासारखे डाग निघत नाहीत.

कापणीची पद्धत बदलली नसती तर हे सारे वाया गेले असते, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी खांद्याला अडकवायच्या ग्रास कटरने गवत जवळजवळ मातीपर्यंत तासले जाई. ढगाळ दिवसांत ऊन कमी असताना अन्न तयार करायला पानाची लांबी जास्त हवी, आणि नेमके तेव्हाच आपण पान काढून घेत होतो. आता हरळी दोन इंच आणि बफेलो ग्रास तीन इंच ठेवतो आणि एका वेळी पानाच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापत नाही. हा नियम सिअ‍ॅटलचा आहे आणि ठाण्यातही तितकाच खरा आहे. पाऊल ठेवल्यावर ठशात पाणी साचत असेल तर त्या दिवशी यंत्र बाहेर काढायचे नाही, असे माळीकाकांनी स्वतः ठरवले आहे. पावसाळ्यात कापलेले गवत उचलून घेतो, कारण ओल्या ढिगाखाली बुरशी धरते. कोरड्या महिन्यांत ते तिथेच राहू देतो, म्हणजे त्यातले नत्र मातीला परत मिळते. यंत्राची पाती रोगट भागातून आली की धुऊन पुसून ठेवतो.

खताचे वेळापत्रकही उलटे झाले. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नत्र देत नाही. त्याआधी मेच्या अखेरीस पालाश देतो. मुख्य खुराक ऑक्टोबरमध्ये देतो, कारण तेव्हा माती ओलसर आणि उबदार असते, आकाश मोकळे असते आणि हरळी झपाट्याने पसरते. त्याच वेळी पोकळ दात्यांच्या अवजाराने तीन-चार इंच खोल छिद्रे पाडून वर वाळू व कंपोस्टचा पातळ थर देतो. थंड प्रदेशातही ही मशागत शरदातच करतात, परंतु तेथे ती थंडीत वाढणाऱ्या गवतासाठी असते, येथे ऑक्टोबरच्या उन्हात वाढणाऱ्यासाठी. महिना जुळला, कारण निराळे निघाले.

मागील पावसाळ्यात ऑगस्टमध्ये पुन्हा तेच खड्डे घेतले. उत्तरेकडे तासाला सव्वा इंच पाणी उतरले, वास नव्हता आणि मुळे साडेतीन-चार इंचांपर्यंत गेलेली होती. बुरशीचे दोन चट्टे दिसले, पण ते पसरले नाहीत. लव्हाळा मात्र गेला नाही. त्याच्या जमिनीतल्या गाठी खोल असतात आणि नुसते उपटल्याने एकाच्या जागी चार फुटतात, म्हणून माळीकाका दर आठवड्याला खुरप्याने गाठीसकट काढतात आणि हे काम आणखी दोन-तीन वर्षे चालेल, असा त्यांचा अंदाज आहे. प्रवेशद्वाराजवळच्या कोपऱ्यात पाणी अजून साचते, कारण तेथील चेंबरची पातळी आमच्या चरापेक्षा चार इंच वर आहे. तेथे या उन्हाळ्यात गवत काढून कर्दळ लावायची, की चेंबर खोल करण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करायचा, हा विषय येत्या सभेपुढे आहे. मी कर्दळीच्या बाजूने मत दिले आहे.